मंजुळाचं पान

आमच्या कॉलनीत कुणालाही वाचनयंत्र घ्यायचं असलं की आधी आमच्या दारात येतात. "शेटेकाकू, कुठलं घेऊ?" मी काय यंत्रांची एजंट आहे? पण तीस वर्षं छापखान्यात घालवली, म्हणून लोकांना वाटतं हिला वाचण्यातलं कळतं. मग मी सांगते. आधी हातात धरून बघा, आडवं पडून वाचताना छातीवर धोंडा ठेवल्यागत वाटता कामा नये. पडदा कागदासारखा मळकट पांढरा हवा, डोळ्यांत घुसणारा नको. पान उलटायला खरंखुरं बटण पाहिजे, कारण आपल्या वयाची बोटं कोरडी, काचेला ती कळतच नाहीत. चार्जिंग तीन आठवडे टिकलं पाहिजे. अक्षर मोठं करता आलं पाहिजे.

एवढं सगळं मान डोलावून ऐकतात. मग मी म्हणते, आणि दुकानदाराला एक विचारा, लेखकानं जे लिहिलंय तेच हे यंत्र मला दाखवणार का? यावर सगळे हसतात. म्हणजे काय काकू, दुसरं काय दाखवणार? दोन वर्षांपूर्वी मला कुणी असं सांगितलं असतं तर मीही हसलेच असते.

हे आणि मी सांगलीतल्या एकाच छापखान्यात मुद्रितं तपासायला होतो. आमची ओळख तिथलीच, लग्नही त्यातूनच. तिथं जोडवाचन चालायचं. मी लेखकाचं मूळ लिखाण मोठ्यानं वाचायची आणि हे समोर छापून आलेल्या कागदावर नजर ठेवायचे. वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं, आकडे, कंस, नवा परिच्छेद, काही सोडायचं नाही. परिच्छेद जुळला की हे म्हणायचे, "पुढे." "पुढे" आलं नाही की मी थांबायची, चूक सापडलेली असायची. ही सवय संसारातही उतरली. मी काही सांगत असले आणि यांचं "पुढे" आलं नाही, की समजावं स्वारीला पटलेलं नाही. चाळीस वर्षांत आमची निम्मी भांडणं त्या न आलेल्या "पुढे"वरून झाली.

ह्यांच्या नजरेचा तेव्हा दरारा होता. ऱ्हस्व-दीर्घ काय, कुणीही बघतं. पान चाळीसवर वारलेला माणूस पान नव्वदवर पंगतीत जेवायला बसला, तर त्याला हे पकडायचे. पुढे तपासायलाही यंत्रं आली आणि छापखाना बंद पडला. तरी गावोगावचे हौशी लेखक, छोटे प्रकाशक म्हणायचे, शेवटी एकदा शेटेअण्णांची नजर फिरू दे. मग पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात यायचं, 'तपासणी : मल्लिनाथ शेटे'. त्या एका ओळीत ह्यांचा सगळा जीव.

आणि मग हे अडखळायला लागले. मांडीवर कागद घेऊन बसायचे आणि मी चहा करून, भांडी विसळून, परत येऊन बघावं तर तेच पान. "चष्मा बदलायला पाहिजे," म्हणायचे. एका वर्षात तीन चष्मे झाले. चौथ्याला चष्मेवाला म्हणाला, "अण्णा, नंबर तोच आहे हो." त्या दिवसापासून यांनी वाचणंच सोडलं. नुसते गॅलरीत बसून समोरच्या बांधकामाच्या विटा मोजायचे. पण हे बोलणार कोणापाशी? आमची अक्षता हैदराबादेत, तिच्या व्यापात.

शेवटी मीच उठले आणि इम्तियाज बागवानच्या दुकानात गेले. बागवान पन्नाशीचा माणूस, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता वाचनयंत्रं विकतो आणि दुरुस्तही करतो. त्यानं टेबलावर पाच यंत्रं मांडली. मी एकेक उचललं, वजन बघितलं, उजेडात धरलं, बटणं दाबली. सगळं पसंत पडेल असं एकच होतं, त्याचं नाव 'पर्ण'.

"ताई, ह्यात सुगमची सोय आहे," बागवान म्हणाला. "वाचताना अडखळायला होत असेल तर हे मदत करतं. वयस्क माणसांत लई चालतंय."

"म्हणजे अक्षर मोठं करतं?"

"तेही करतं. अजून बरंच करतं. चालू ठेवू का?"

"ठेव की. मदत कुणाला नकोय?"

त्यानं संमतीचा मजकूर पुढं केला. खाली खाली सरकवला तरी संपेना. मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली. मी अंगठा टेकवला. तीस वर्षं दुसऱ्यांचं बारीक टायपातलं वाचून काढलेली बाई मी, आणि नेमकं हे वाचलं नाही.

पहिले चार दिवस हे नुसते नाक मुरडत होते. पाचव्या दिवशी दुपारी मी बघते तर ह्यांचं पर्णवरचं बोट टकटक चाललेलं. पान उलटत होते! संध्याकाळपर्यंत एक अख्खी कादंबरी संपवली आणि जेवताना मला तिची गोष्ट सांगत बसले. "महानंदा, अगं चष्म्याचा दोष नव्हताच," म्हणाले. "कागदच हल्ली वाईट यायला लागलेत." मी हसले आणि मोरीत जाऊन डोळे पुसून आले. मला माझा नवरा परत मिळाला होता, अजून काय पाहिजे!

मी अक्षताला कळवलं. प्रकाशकांना कळवायचं काम ह्यांनी स्वतःच केलं. साडेतीन महिन्यांनी एक काम आलं. शिराळ्याच्या खोतबाईंचं, शालन खोत त्यांचं नाव. ब्याऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. यांची आणि त्यांची जुनी ओळख, त्यांच्या शाळेचे अंक आमच्याच छापखान्यात निघायचे. बाईंनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं होतं, 'पाटापलीकडे', गावच्या कालव्याच्या पाटाकाठी गेलेल्या स्वतःच्या लहानपणावर. फाइल आली, पर्णवर उतरवली, आणि यांनी तीनशे बारा पानं नऊ दिवसांत संपवली.

"एक चूक नाही," मला म्हणाले. "असं निर्मळ लिखाण मी जन्मात बघितलं नाही. बाई मुळात मास्तरीण, त्यामुळं."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तीनशे पानांत एकही चूक नाही असं पुस्तक आमच्या दोघांच्या हातून कधी गेलंच नव्हतं. पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी म्हटलं, असेल बाई.

यांनी खोतबाईंना फोन लावला, स्पीकरवर. मी शेजारी पावटे सोलत बसले होते.

"बाई, पुस्तक सोमवारी छपाईला जाऊ दे. माझ्याकडून हिरवा कंदील."

"अण्णा, तुम्ही वाचलंत, झालं माझं काम," बाई म्हणाल्या. आवाज थकलेला पण स्वच्छ.

"आणि ते तुमच्या मंजुळाचं लग्न. काय सुरेख लिहिलंय हो! मंजुळा कराडला नांदायला निघते आणि तुम्ही पाटापर्यंत सोडायला जाता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"मंजुळाचं लग्न?" बाई म्हणाल्या. आणि मग खरंच फोन ठेवला.

"भरून आलं त्यांना," हे मला म्हणाले. समाधानानं उठून अंगणात गेले.

दहा मिनिटांत माझा फोन वाजला. खोतबाईच. "महानंदाताई," त्या म्हणाल्या, "एक विचारू? अण्णांनी माझं पुस्तक खरंच वाचलं का हो?"

"म्हणजे काय बाई? नऊ दिवस त्यात बुडालेले होते."

"मला दोन बहिणी. रंजनाचं लग्न कराडला झालं. मंजुळा नवव्या वर्षी गेली. पाटाजवळ पान लागलं तिला, साप चावला, शाळेच्या वाटेवर. मी पुढं जा म्हणून तिला एकटीला धाडली होती. तिच्यासाठी तर लिहिलंय हे सगळं. आणि अण्णा म्हणतात, तिचं लग्न वाचलं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी बघते बाई," एवढंच म्हटलं.

आता काय करू? थेट विचारायची हिंमत होईना. संध्याकाळी मी लाडात आल्यागत म्हटलं, "अहो, किती वर्षांत जोडवाचन केलं नाही. आज करू या की. पण आज तुम्ही वाचा, मी बघते." हे खूश. त्यांच्या हातात पर्ण, माझ्या हातात माझा जुना टॅब, त्यात बाईंनी पाठवलेली मूळ फाइल. मंजुळाचं पान मी आधीच शोधून ठेवलं होतं.

"कुठून घेऊ?"

"एकशे बारापासून घ्या."

यांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. "मंजुळा माझी धाकटी बहीण. ती हुशार होती. आम्ही दोघी पाटावरून शाळेत जायचो. पुढं तिचं लग्न कराडला झालं."

माझ्या टॅबवर त्या जागी दोन भरगच्च पानं होती. त्यात आषाढातली ओली वाट होती, मंजुळाच्या परकराला लागलेला चिखल होता, 'तू हो पुढं, मी वेणी घालून येते' असं बाईंनी तिला सांगितलं होतं. मग पाटाकडून आलेली हाक होती. एकेक वाक्य चार चार ओळींचं, एकात एक गुंतलेलं. यांनी वाचलेल्यातलं एकही वाक्य बाईंच्या फाइलीत नव्हतं.

हे थांबले. माझ्या "पुढे"ची वाट बघत होते.

"पुढे," मी म्हटलं. माझी जीभ कशी वळली देव जाणे. चाळीस वर्षांत आमच्यातलं ते पहिलं खोटं "पुढे". दोन परिच्छेद झाल्यावर मी डोळे दुखल्याचं निमित्त केलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी यंत्र पिशवीत घालून बागवानकडे गेले. यांना सांगितलं, बटण अडकतंय. बागवानला मात्र सगळं खरं सांगितलं. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि मला स्टूल दिलं.

"ताई, वाचताना आपला डोळा ओळीवरनं सरळ घसरत नाही," तो म्हणाला. "उड्या मारतो. एका सेकंदात तीन-चार उड्या. प्रत्येक उडीनंतर पाव सेकंद थांबतो, तेवढ्यात मेंदू शब्द उचलतो. मधूनच एखादी उडी मागं मारतो, नीट कळलं नाही म्हणून. तुमचं माझं सगळ्यांचं असंच. ह्या पर्णच्या कडेला बघा, डोळ्याला न दिसणारा उजेड टाकणारा बारका दिवा आहे आणि शेजारी कॅमेरा. तो ह्या उड्या मोजतो. थांबे लांबले, मागच्या उड्या वाढल्या, की यंत्राला कळतं वाचणारा अडखळतोय."

"मग?"

"मग ते पुढचं पान बदलतं. समोरचं नाही हां. समोरचं बदललं तर माणसाला कळेल. जे पान अजून उलटलं नाही, ते आतल्या आत नव्यानं लिहितं. लांब वाक्यं तोडतं. दोन माणसांत गोंधळ होत असेल तर दोघांचं एक करतं. जिथं डोळा फारच अडकेल तो भाग गाळतं. आणि मागं जाऊन बघितलं तर तेच बदललेलं पान जपून ठेवलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, आपण झकास वाचतोय."

"आणि हे त्याला सांगत नाही?"

"सांगितलं की माणूस खचतो, असं कंपनीचं म्हणणं. तुमच्या संमतीत लिहिलंय ते, ताई. एकोणिसावं कलम."

त्यानं यंत्र आपल्या टेबलावरच्या पडद्याला जोडलं. एक रेघ उमटली, जिन्यासारखी वर चढत गेलेली. "ही सुगमची पातळी. शून्य म्हणजे पुस्तक जसंच्या तसं. नऊ म्हणजे पहिलीच्या मुलासाठी. अण्णांनी घेतलं तेव्हा दोन होती. आता सात आहे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चार महिन्यांत दोनाची सात. ताई, हा चष्म्याचा मामला नाही. डॉक्टरला दाखवा. सुगम बंद करायचं तर एका टिचकीचं काम आहे. पण बंद केलं तर अण्णांना वाचता येणार नाही. तुम्ही विचार करून सांगा."

मी यंत्र पिशवीत टाकलं आणि घरी आले. ह्यांचं दुखणं त्या यंत्राला चार महिने आधी कळलं होतं आणि मी बायको असून मला नाही. राग आला, यंत्राचा आला, कंपनीचा आला, आणि माझ्या त्या अंगठ्याचा तर असा आला की तो कुठंतरी ठेचून घ्यावा.

मी गच्चीवर जाऊन अक्षताला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं, रडली, आणि मग म्हणाली, "आई, तू चालूच ठेव ते."

"काय बोलतेस तू?"

"बाबा आनंदात आहेत ना? मग कशाला त्यांना सांगायचं? त्या बाईंचं पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी तपासायला दे. बाबांना नुसतं वाचू दे. काय वाचतात त्यानं काय फरक पडतोय?"

"फरक पडतो अक्षता. सोमवारी ते पुस्तक छापलं जाणार आणि शेवटच्या पानावर तुझ्या बाबांचं नाव येणार. त्यांनी न वाचलेल्या पुस्तकावर."

"नाव काढून टाकायला सांग."

"आणि त्यांना काय सांगू? नाव का काढलं?"

पोरीचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. रविवारची अख्खी सकाळ मी घरात फेऱ्या मारत होते. यांचा आनंद ठेवावा, की यांची अब्रू? दोन्ही ठेवण्याचा रस्ता मला काही केल्या दिसेना. हे आपले गॅलरीत बसून पर्णवर टकटक पानं उलटत होते आणि मधूनच स्वतःशी हसत होते. त्या हसण्याकडे बघून मी तीनदा पुढं गेले आणि तीनदा परत फिरले.

चौथ्यांदा परत फिरले नाही. शेजारी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. सगळं, बागवाननं सांगितलं तसं. उड्या, थांबे, दोनाची सात, मंजुळा आणि रंजना. एक शब्द गाळला नाही.

हे ऐकत होते. एकदाही "पुढे" म्हणाले नाहीत.

मग म्हणाले, "बंद कर."

"अहो..."

"बंद कर म्हणतो ना!"

मी सुगम शून्यावर आणलं. पान एकशे बारा काढलं. यांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलत होते. बोट एका शब्दावरून पुढं जायचं आणि परत यायचं. किती वेळ गेला कोण जाणे. समोरच्या बांधकामावरचा मिक्सर फिरत होता, तो थांबला, पुन्हा सुरू झाला. हे अजून पहिल्याच वाक्यात होते.

"अक्षरं दिसताहेत," ते म्हणाले. "प्रत्येक अक्षर दिसतंय मला. त्यांचा शब्द होत नाहीये." आणि मग माझ्याकडे बघून असे ओरडले, असे चाळीस वर्षांत ओरडले नव्हते. "तू मला मऊ भात कालवून भरवत होतीस! दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा! आणि मी बाईंना काय म्हणालो, तिचं लग्न! महानंदा, मी त्या बाईला म्हणालो तिच्या मेलेल्या बहिणीचं लग्न सुरेख झालं!"

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हटलं आणि रडायलाच लागले. "शपथ घेऊन सांगते."

"परवापासून माहीत होतं. परवा तू मला 'पुढे' म्हणालीस."

माझं खोटं यांनी बरोबर तिथंच पकडलं होतं.

मग यांनी फोन मागितला. खोतबाईंना लावून घेतला, स्पीकरवर नाही, कानाला.

"बाई, मल्लिनाथ बोलतोय. मी तुमचं पुस्तक वाचलेलं नाही." थांबले नाहीत. "मला वाटलं वाचलंय. यंत्रानं मला दुसरंच काहीतरी वाचायला दिलं. मला आता वाचता येत नाही, बाई. उद्याची छपाई थांबवा. दुसरा कुणी बघा. आणि मंजुळाचं जे बोललो त्याबद्दल मला माफ करा."

बाई काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. हे नुसतं "हो", "हो" करत होते. फोन ठेवून म्हणाले, "बाई म्हणतात, डोळे गेले म्हणून कान गेले का? महानंदाताई वाचतील, तुम्ही ऐका. छपाई थांबली तर थांबू दे. म्हणतात, तुम्ही मंजुळाला एकदा भेटल्याशिवाय मी पुस्तक सोडणार नाही."

त्याच संध्याकाळी मी वाचायला बसले. माझी जुनी जागा, माझा जुना आवाज. आकडे, कंस, नवा परिच्छेद. हे डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून. पहिल्या परिच्छेदानंतर मी थांबले. "पुढे," हे म्हणाले. अगं बाई, त्या एका शब्दानं मला जे वाटलं ते काय सांगू! एकशे बारावं पान आलं तेव्हा दोघंही रडत होतो, पण मी वाचायची थांबले नाही. ते पान संपल्यावर यांनी बराच वेळ "पुढे" म्हटलं नाही. चूक होती म्हणून नव्हे.

पान दोनशे सहावर मी वाचलं, रंजनाच्या हळदीच्या वेळी मंजुळा दारात कलश घेऊन उभी होती. "थांब," हे म्हणाले. डोळे मिटलेलेच. "मंजुळा त्याआधी सात वर्षं गेली. ही दुसरी कुणीतरी. बाईंना विचार." विचारलं. ती चुलतबहीण होती. बाईंच्याच हातून घाईत मंजुळाचं नाव पडलं होतं. बाई फोनवर म्हणाल्या, "बघा, मीसुद्धा तिला लग्नात उभी केली की हो!" आणि हसल्या की रडल्या, कळलं नाही.

पुस्तक दिवाळीत आलं. शेवटच्या पानावर यांनी हट्टानं ओळ बदलून घेतली होती. 'ऐकून तपासलं : मल्लिनाथ शेटे'.

इथं थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण डॉक्टरांनी तपासण्या करून तेव्हाच सांगितलं होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला, पाहिलेल्या अक्षरांचा शब्द जुळवणारा भाग आधी कोमेजलाय. कानाचा भाग अजून शाबूत आहे. अजून, हा शब्द डॉक्टरांनी दोनदा वापरला.

यांनी मला त्या दिवशी गाडीतच बजावलं. "महानंदा, जोवर ऐकतोय तोवर लिहिलंय तसं वाच. मला कळेल तसं नको. समजलं?" मी मान हलवली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. रोज दुपारी आम्ही बसतो. पर्ण कपाटात पडलंय, सुगम शून्यावर. मी टॅबवरून वाचते. हल्ली हे मधूनच विचारतात, "हा कोण?" मी सांगते. पाच मिनिटांनी पुन्हा विचारतात. मी पुन्हा सांगते.

गेल्या मंगळवारी एक प्रवासवर्णन चाललं होतं. एक लांबलचक वाक्य आलं, सहा ओळींचं. त्यात तीन गावं, दोन माणसं, एक जुनी आठवण, त्या आठवणीत आणखी एक माणूस. मला पुढचं दिसत होतं, हे अडकणार. पुन्हा "हा कोण?" येणार, मग कपाळाला आठी पडणार, मग सगळी दुपार उदास. मी वाक्याचं सुरुवातीचं टोक वाचलं आणि शेवटचं टोक वाचलं. मधली दोन माणसं, ती आठवण, सगळं गाळलं. कुणी मला सांगितलं नव्हतं, कुठला अंगठा टेकवला नव्हता. माझ्या तोंडानं ते आपोआप केलं.

"पुढे," हे म्हणाले. पाय उन्हात सोडलेले, चेहरा निवांत.

ज्या माणसाला तेव्हा माझ्या एका खोट्या "पुढे"चा पत्ता लागला होता, त्याला चार ओळी गाळलेल्या कळल्या नव्हत्या. मला पुढं जाता आलं असतं. कुणाचं काय बिघडलं असतं? अक्षताचा आवाज कानात आला, काय वाचतात त्यानं काय फरक पडतोय, आई. मी टॅबवर त्याच ओळीवर बोट ठेवून तशीच बसून राहिले.

"काय झालं?" हे म्हणाले. "वाच की."

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मधलं राहिलं."

मी मागं गेले आणि ते वाक्य अख्खं वाचलं, तिन्ही गावं, तिन्ही माणसं, सगळं. यांच्या कपाळाला आठी पडली. "कळलं नाही गं," म्हणाले. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. चौथ्यांदा वाचल्यावर हे हळूच म्हणाले, "पुढे." समजलं म्हणून म्हणाले की माझा घसा बसला म्हणून, ते मी विचारलं नाही.